जादा वेळ

बाबांचा शेवटचा साधा दिवस म्हणजे आमच्या शाळेतल्या शेवटच्या पेपरचा दिवस. सकाळी चहात साखर घालायला तेच विसरले आणि ठपका माझ्यावर ठेवला. मग छत्री घे, छत्री घे म्हणत दारापर्यंत मागे आले. मी घेतली नाही.

मी अपंग मुलांची शिक्षिका. कुणाला तळमजल्यावरची खोली, कुणाला मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका, कुणाला लेखनिक... कायद्यानं दिलेलं त्यांच्या पदरात पडतंय ना, हे बघणं माझं काम. सातवीतल्या एका मुलीचे हात थरथरतात. तिचा ठरलेला लेखनिक पहिल्याच पेपरला उगवला नाही, तेव्हा मुख्याध्यापकांनी शेजारच्या वाचनालयातल्या कारकुनाला धरून आणलं. उंच, खिशापाशी शाईचा डाग.

"ती बोलेल त... तेवढंच लिहायचं," मी बजावलं. "चुकलं तरी. अडली तर थांबायचं. शब्द पुरवायचा नाही."

"आणि मला उत्तर येत असलं तर?"

"गिळायचं."

"मग उद्यापासून डबा नको आणायला."

मी लहानपणापासून अडखळत बोलते. तोंडी परीक्षेत मला जादा वेळ मिळावा म्हणून बाबांनी शाळेचे उंबरे झिजवले होते. तेव्हा कायदा नव्हता, नुसते बाबा होते. लोकांना माझं वाक्य पुरं करायची घाई असते. बाबांनी ते कधीच केलं नाही. आणि माझा 'त' अडकला तेव्हा या माणसानंही नाही. तो नुसता बघत राहिला, जणू त्याला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं.

शेवटच्या पेपरनंतर पाऊस कोसळत होता. जिन्याखाली आम्ही दोघंच.

"पेपर संपले," तो म्हणाला. "आता कुणासमोर गप्प बसू?"

"म... मा..." माझे कान तापले. तो थांबला. तेवढ्यात वरच्या वर्गांची घंटा झाली आणि पोरांचा लोंढा जिन्यावरून खाली आला.

"उत्तराला जादा वेळ घ्या," त्यानं हसून आपली छत्री माझ्या हातात दिली. "नियमात बसतं." आणि स्वतः भिजत गेला.

घरी बाबांनी छत्री निरखली. "माझी जड होते, आणि ही हलकी?"

"बाबा!"

"कोण आहे?"

"ले... लेखनिक."

"आवडतो?"

मी तोंड उघडलं. शब्द दातांपाशी येऊन अडला. बाबा चष्मा पुसत थांबले, नेहमीसारखे. बराच वेळ थांबले.

"राहू दे. उद्या सांग. मी कुठे पळून चाललोय?"

सकाळी ते उठलेच नाहीत.

मग माणसं येत राहिली. मी म्हणायचे, "ते र... रात्री..." की कुणीतरी म्हणायचं, "झोपेतच गेले, त्रास नाही झाला." मी म्हणायचे, "मला..." की आत्या म्हणायची, "एकटं वाटतं, कळतं गं." दिवसभर माझी वाक्यं दुसरेच संपवत होते. त्यातलं एकही माझं नव्हतं.

संध्याकाळी तो आला. शर्ट चिंब. दारातच उभा राहिला.

"हे कोण गं?" आत्यानं विचारलं.

"हा..."

"शाळेतले दिसतात. छत्री न्यायला आलात ना? देते हं."

"मावशी," तो हळूच म्हणाला, "त्यांचं वाक्य अजून संपलेलं नाही."

आत्यानं छत्रीकडे नेलेला हात मागे घेतला. बाहेर पाऊस तेवढा बोलत होता. बाबांच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांचा चष्मा होता, काचा पुसलेल्या. त्यानं मला शब्द पुरवला नाही. नजरही हलवली नाही. मी खुर्चीकडे वळले.

"बाबा... मला हा आ..."

कुणी वाक्य पुरं केलं नाही. मी पुन्हा श्वास घेतला.

"आ... आवडतो, बाबा. मला हा आवडतो."