चव आश्लेषाची, पब नकुलचा

"अगदी व्हिनेगर झालंय हे! आणि हा बघा, कसा मिटक्या मारत ढोसतोय..."

आश्लेषा हे स्वतःशीच पुटपुटली. मराठीत पुटपुटली, म्हणून जरा मोकळेपणानंच. मिशिगनमधल्या त्या पबमध्ये शनिवारी दुपारी तिचं मराठी कुणाला कळणार होतं? बाहेर बर्फही नाही आणि पाऊसही नाही असं काहीतरी बोचरं भुरभुरत होतं, आणि बारपाशी ओल्या कोटांची दाटी झाली होती.

"ढोसत नाहीये," शेजारच्या स्टुलावरचा माणूस ग्लासकडेच बघत म्हणाला. "मी... काय म्हणतात... सिपिंग करतोय."

आश्लेषाच्या कानशिलांपर्यंत ऊन ऊन झालं.

"सॉरी! म्हणजे... मला वाटलं तुम्ही..."

"मेक्सिकन? सगळ्यांना वाटतं." तो आता वळला. लांबट चेहरा, वाढलेले केस, आणि हसू आवरून धरल्यामुळं एका बाजूला गेलेले ओठ. "नकुल. माझं आई डोंबिवलीची आहे."

"माझी आई," आश्लेषाच्या तोंडून निघून गेलं.

"तुझी पण डोंबिवलीची?"

"नाही हो, माझी नागपूरची! तुमची... म्हणजे 'माझी आई' म्हणायचं, 'माझं' नाही. आणि तो ग्लास खाली ठेवा आधी. आंबलंय ते. पिंप उघडून आठवडा उलटला असणार."

नकुलनं ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि शांतपणे खाली ठेवला.

"खरं सांगू? मला काहीच कळत नाही. कोविड झाला तेव्हा वास गेला, तो आलाच नाही. चव पण गेली. गोड, खारट, आंबट थोडं थोडं कळतं, बस्स. मला वाटलं, लिंबू वगैरे घातलं असेल."

"मग येता कशाला इथं?" विचारल्यावर तिलाच ते फार रोखठोक वाटलं.

"पबसाठी," तो म्हणाला. एखाद्यानं 'आजीला भेटायला' म्हणावं, तसं. "आणि प्लीज, मला तुम्ही म्हणू नको. मला तुम्ही येतच नाही. घरी सगळे तूच होते."

आश्लेषा जवळच्याच नोव्हाय गावात एका मोटार कंपनीत इंजिनिअर होती. गाडीत बसल्यावर कुठून खडखड येते, कुठून गुणगुण येते, हे शोधून ती बंद करायची, हे तिचं काम. त्याआधी वर्षभर ती इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला शिकायला होती. घराची आठवण येऊन नुसतं रडू येण्याच्या त्या दिवसांत, कोपऱ्यावरच्या पबमधल्या एका जाडजूड बाईनं तिला हाताच्या पंपानं ओढलेली एल पाजली होती. एल म्हणजे तिकडची जुन्या वळणाची बिअर, फार गार नाही, फार फेसाळ नाही, घोट घोट घेत बोलत बसावं अशी. त्या दिवशी आश्लेषा रडायची थांबली, आणि एलच्या प्रेमात पडली ती पडलीच.

मिशिगनमध्ये तिला तिच्यासारखी माणसं भेटली. डेट्रॉइटच्या आसपास इंग्लिश वळणाचे बरेच पब आहेत. काही खरे, काही नुसतेच लाल टेलिफोन बूथ दारात उभं केलेले. ही शौकीन मंडळी दर हिवाळ्यात त्यातला सगळ्यांत चांगला एक निवडत आणि त्याचं नाव जाहीर करत. परीक्षकांनी जोडीनं जायचं, असा दंडक होता. आश्लेषाचा परीक्षणातला जोडीदार नुकताच नोकरी बदलून दूर दक्षिणेत, अल्फारेटाला गेला होता.

"नकुल," ती म्हणाली, आणि आपण हे काय बोलतोय याचं तिचं तिलाच नवल वाटलं, "माझ्याबरोबर पब तपासायला येशील? चव मी बघेन. पब तू बघ."

त्याच्या ओठांवर तेच तिरकं हसू आलं.

"ही डेट आहे का परीक्षा?"

"परीक्षा."

"ओके. मग मी पास होईन. डेटमध्ये फेल होतो."

*

नकुल शाळेत बँड शिकवायचा. ट्रम्पेट, ड्रम आणि बेसूर वाजवणारी चौदा-पंधरा वर्षांची पोरं. त्यामुळं पबमध्ये शिरला की तो आधी डोळे नाही, कान लावायचा.

"इथं आवाज बसतो," तो म्हणायचा. "ऐक. त्या टेबलचं त्या टेबलला कळत नाही, पण हसलेलं सगळ्यांना कळतं. गुड रूम."

नाहीतर म्हणायचा, "हे आवडलं नाही. ते आजोबा बघ. ग्लास रिकामा होऊन किती वेळ झाला, कोणी विचारलं पण नाही."

आश्लेषानं आजवर इतके पब पाहिले होते, पण तिची नजर कधी ग्लासाच्या काठावरून वर गेलीच नव्हती. आता जायला लागली. आधी आजोबांकडे, खिडकीकडे, शेकोटीजवळ पसरलेल्या कुत्र्याकडे. मग हळूहळू नकुलच्या बोटांकडेच, जी टेबलावर सतत कुठला तरी ताल धरायची.

आणि त्याला चव सांगणं हे तिचं काम.

"सांग," तो डोळे मिटून म्हणायचा. त्याच्याही पुढ्यात तीच एल, तोच घोट.

"ही बिटर एल आहे. म्हणजे... कडक चहात बिस्किट बुडवून ठेवलं आणि ते विरघळलं. विरघळलं ना, तसा तळाचा शेवटचा घोट. आणि वर संत्र्याची साल. सोलताना बोटांना लागते ती."

"नागपूरची संत्री?"

"नागपूरचीच. इथल्या संत्र्यांना कुठं काय वास असतो!"

"हेवी बायस," तो गंभीरपणे म्हणायचा. "नेक्स्ट."

"ही माइल्ड. काळी दिसते, पण हलकी आहे. काकवी... काकवी माहितेय का? उसाचा रस आटवतात, गूळ व्हायच्या आधीची. आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं फुंकतात ना, तो वास. शेवटी जरा करपलेल्या भाकरीचा पोपडा."

नकुलनं डोळे उघडले नाहीत.

"आजी आली होती आमच्याकडे, मी सहा वर्षांचा होतो," तो सावकाश म्हणाला. "ती भाकरी करायची आणि स्मोक अलार्म वाजायचा. रोज. बाबा टॉवेल घेऊन उभे राहायचे अलार्मखाली. मी विसरलो होतो, यार..."

आश्लेषा हसता हसता थांबली. त्याच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या, आणि तिला वाटलं, हात पुढं करावा. केला नाही. ग्लासच्या बाहेर जमलेलं पाणी बोटानं पुसत बसली.

"काहून रडतोस?" तिनं विचारलं, शक्य तितक्या हलक्या आवाजात.

"काहून म्हणजे?"

"म्हणजे का. नागपुरात म्हणतात."

"काहून," त्यानं म्हणून पाहिलं. "छान आहे. काहून... इट साउंड्स लाइक अ ट्रॉम्बोन."

फर्नडेल, ॲन आर्बर, प्लिमथ... शनिवारमागून शनिवार गेले. तो गाडी चालवायचा, ती शेजारी बसून त्याच्या जुन्या गाडीचे आवाज ओळखायची. "बेअरिंग गेलंय." "नाही, ते माझं गाणं आहे." दोघं अर्धाच ग्लास घ्यायची आणि तासन्‌तास पुरवायची. परीक्षा केव्हाच संपलेली असायची. शेवटी कुणीतरी खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवायला लागला की नाइलाजानं उठायची.

डिसेंबरात एका संध्याकाळी प्लिमथच्या पबमधून निघताना बर्फावर तिचा पाय सरकला आणि त्यानं तिला सावरलं. सावरल्यावर सोडायला हवं होतं. त्यानं सोडलं नाही, तीही सुटली नाही. तिचं डोकं त्याच्या हनुवटीपाशी होतं. त्यानं श्वास घेतला...

आणि एकदम मागं झाला. झटका बसल्यासारखा.

"उशीर झाला," एवढंच म्हणाला.

परतीच्या वाटेवर गाडीतले सगळे आवाज ऐकू येत होते. त्या दोघांचा सोडून.

*

त्यानंतर नकुल आला नाही. "या शनिवारी जमत नाहीये." मग, "बँडची कॉम्पिटिशन आहे." मग, नुसताच एक अंगठा.

आश्लेषा यप्सिलँटीच्या पबमध्ये एकटी गेली. एल अप्रतिम होती, या हिवाळ्यातली सगळ्यांत चोख. एरवी ती खूश झाली असती. पण त्या दिवशी तिला फक्त एवढंच दिसलं, की कोपऱ्यातल्या बाईच्या टेबलावरचा दिवा मिणमिणतोय आणि कुणाचं लक्ष नाही. हे नकुलला सांगायला म्हणून ती शेजारी वळली. शेजारी कोट ठेवला होता.

'त्याला नको असेल तर नको,' तिनं स्वतःला बजावलं. 'सरळ सांगायचं होतं. आपण काय गळ्यात पडणार होतो?' आणि अर्धा ग्लास तसाच ठेवून ती उठली.

संक्रांतीचा कार्यक्रम नोव्हायच्या एका शाळेत होता. आश्लेषा मैत्रिणीच्या आग्रहाखातर गेली. वाणाच्या टेबलामागं बसलेल्या काकूंनी तिचं नाव विचारलं आणि त्यांचा हात हळदीच्या करंड्यावरच थांबला.

"आश्लेषा? म्हणजे तू ती... भाकरीच्या पोपड्यावाली?"

"अं?"

"अगं, मी सरला. नकुलची आई. घरी येऊन सगळं सांगायचा की मला. काकवी काय, संत्री काय! माझ्या मेलीच्या इतक्या वर्षांच्या स्वयंपाकाचं कधी एवढं कौतुक नाही केलं." काकू हसल्या, मग आवाज खाली आला. "आता बघ ना, जेवतच नाही धड. वास परत यायला लागलाय, पण उलटाच. फोडणी टाकली की नाक दाबून पळतो. कॉफी म्हणे गटारासारखी लागते. साबण बदलले, टूथपेस्ट बदलली. गॅरेजमध्ये बसून थंड दहीभात खातो पोर. डॉक्टर म्हणतात, नस परत वाढताना होतं असं. काहींचं सुधारतं, काहींचं..."

पुढचं आश्लेषाला नीट ऐकू आलं नाही. तिला प्लिमथचा बर्फ आठवत होता, आणि मागं झालेला तो चेहरा. तो चेहरा नकाराचा नव्हताच. घाबरलेला होता.

"काकू," ती म्हणाली, "त्याला माझा एक निरोप द्याल? नको... मीच देते."

तिथंच उभं राहून तिनं मेसेज टाकला : शनिवारी दुपारी, नॉर्थव्हिल. शेवटचा पब राहिलाय. बाहेर बसणार आहोत. जाड जॅकेट घाल.

*

पबच्या मागच्या अंगणात लाकडी टेबलं-बाकं होती आणि त्यांच्यावर हातभर बर्फ. आश्लेषानं हातमोज्यांनी एक टेबल आणि त्याची दोन्ही बाकं झाडली, समोरासमोर दोन जागा केल्या. ऊन होतं, पण शोभेपुरतंच.

नकुल आला. वाळला होता. टेबलाच्या पलीकडे बसला, शक्य तितका मागं.

"आईनं सांगितलं," तो म्हणाला.

"आईनं सांगितलं. तू नाही."

"काय सांगणार होतो, आश्लेषा?" तो टेबलाशीच बोलत होता. "तू इतकं... तू एकेक चव हातात धरून द्यायचीस मला. मला वाटायचं, माझं नाक बरं झालं की सगळं तसंच असेल. तू म्हणालीस तसं. आणि नाक जागं झालं तर... एल म्हणजे ड्रेनेज. कांदा म्हणजे... सांगत नाही. आणि त्या दिवशी तू जवळ होतीस, मी किती दिवस वाट बघत होतो त्या एका गोष्टीची, आणि तुझ्या केसांना..." तो थांबला.

"केसांना काय?"

"नको ना."

"नकुल. केसांना काय?"

"जळलेल्या टायरचा वास आला," तो कसाबसा म्हणाला. "आय ॲम सो सॉरी. कुठल्या मुलीला कोणी असं सांगतं का? म्हणून पळालो."

आश्लेषानं त्याच्याकडे बघितलं. आणि मग हसायला लागली. पोट धरून, वाफ सोडत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"टायर! अरे, मी मोटार कंपनीत कामाला आहे! त्यात काय नवल!"

"हसू नको ना..."

"मला वाटलं, मी नकोय तुला. महिनाभर मला तेच वाटत होतं, वेड्या! टायरचं काय, शाम्पू बदलता येतो."

"आणि बदलून पण नाही गेला तर? हे कायमचं असू शकतं."

ती काही बोलणार, एवढ्यात मागचं दार उघडलं. पबची मालकीण, पांढऱ्या केसांची, ठेंगणी बाई, दोन घोंगड्या बगलेत मारून बर्फातून आली. या थंडीत दोन शहाणी माणसं बाहेर का बसली आहेत, हे तिनं विचारलं नाही. घोंगड्या दोघांच्या मांडीवर टाकल्या, आश्लेषासमोर एलचा ग्लास ठेवला, आणि नकुलकडे एकदा नीट बघून त्याच्यासमोर साधं गरम पाणी ठेवलं. "टेक युअर टाइम, लव्ह," म्हणाली आणि आत गेली.

दोघं बंद दाराकडे बघत राहिले.

"हाच," नकुल हळूच म्हणाला.

"हाच," आश्लेषा म्हणाली. "आणि अजून एल चाखली पण नाही मी." मग तिनं चाखली. यप्सिलँटीइतकी चोख नव्हती. चांगली होती, पुरेशी होती. "चालेल. माझंही मत यालाच."

परीक्षा संपली होती. आश्लेषा उठली. घोंगडी खांद्यावर घेतली, टेबलाला वळसा घातला आणि नकुलच्या शेजारी जाऊन बसली. खेटूनच. बाक कुरकुरलं. तिनं टोपी काढली आणि डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं.

नकुलचा श्वास अडकला.

"येतोय?" तिनं विचारलं.

"...येतोय."

"किती?"

"खूप. आख्खा ट्रक."

"मग सरकू का?"

वाऱ्यानं शेजारच्या बाकावरचा बर्फ थोडा उधळला. नकुलनं स्वतःची घोंगडी तिच्या घोंगडीवर ओढून घेतली, हात तिच्या पाठीमागून नेऊन तिला घट्ट जवळ धरलं, आणि तिच्या केसांत तोंड लपवून एक लांब श्वास आत घेतला.

"नको," तो म्हणाला. "बस अशीच."