नातं कुणीकडून मोजायचं?

भांडगावच्या फाट्यावर माझी स्कुटी बंद पडली आणि उसाचा ट्रॅक्टर थांबवून एक उंचापुरा मुलगा खाली उतरला. मल्हार त्याचं नाव. प्लग पुसता पुसता त्यानं विचारलं, "गावात कुणाकडं, मॅडम?"

"सगळ्यांकडं! समाजशास्त्रात एम.ए. करतेय मी. गावात कोण कुणाशी जोडलेलं आहे, त्याचं जाळं काढायचंय. तुम्हीच सांगा, अडचण आली की पहिला फोन कुणाला करता?"

"नंबर दिलात, तर तुमालाच करीन की..."

आगाऊ कुठला! पण दिला मी नंबर. कामासाठी हो!

मग मी घरोघर फिरले. माणूस म्हणजे ठिपका, संबंध म्हणजे रेघ. कॉलेजातल्या आमच्या मॅडम बजावायच्या – ठिपक्यांकडे नाही, रेघांकडे बघा. माणूस कोण ते त्याच्या रेघाच ठरवतात. पण करू काय? मोटर जळली, मल्हारला हाक. सोयरीक बघायला जायचं, मल्हारची गाडी. गावातल्या सगळ्या रेघा त्याच एका ठिपक्याकडे पळत होत्या... आणि मीही. तो हसला की मी पुढचा प्रश्न हमखास विसरायचे.

शेवटी त्याच्या घरी गेले, तर त्याच्या आजोबांनी, भैरूआबांनी, मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"आई कुठली तुझी?"

"पाटसची. कोळप्यांची."

आबांनी मनात काहीतरी जुळवलं आणि मांडीवर थाप मारली. "आरं, म्हंजी हिची आई मल्हारच्या आईची लांबची मावसबहीण! मल्हार, ही बहीण लागती तुझी. पोरी, भाऊबीजेला ओवाळाय यायचं बरं का!"

मल्हारचा चहा बशीत सांडला. आबांचा शब्द गावात कुणी मोडत नसे. सख्खा भाऊ नाही म्हणून मी लहानपणी रडायचे, पण देवा, हा नको! बाकी कुणीही चालेल!

तेवढ्यात आजी, गीताबाई, आतून कडाडल्या. "आईकडनं कशाला मोजताय? बापाकडनं मोजा की! बाप कोण गं?"

"शिरूरचे... मारुतराव."

"आगं बया! त्यो तर आपल्या सुनंचा मामेभाऊ, म्हंजी मल्हारचा मामा! ही कशाची बहीण? ही तर मामाची पोरगी! आन् मामाच्या पोरीवर पयला हक्क भाच्याचा."

आबांनी पुन्हा बोटांवर मोजलं आणि मान डोलावली. मला तिथंच नाचावंसं वाटलं. पण तो 'हक्क' मात्र टोचला. मी तरातरा अंगणात आले. मागोमाग मल्हार.

"हक्कबिक्क काही नसतो," मी म्हटलं.

"मी कुठं म्हणलो? आजी म्हणली." तो थोडा घुटमळला. "आईकडनं भाऊ झालो, बापाकडनं मामाचा भाचा झालो... पण स्वप्नाली, तुमच्याकडनं मी कोण?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली होती. कानशिलं तापली माझी. पण आता लाजून कसं चालेल?

"माझ्याकडनं..." मी सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं, "...तू मला आवडतोस, मल्हार. फार आवडतोस!"