हद्दीपलीकडचे मीटर

आमच्या हद्दीत विमानाची उंची फुटांत सांगतात, शेजारच्या देशात मीटरमध्ये. सीमेवर वैमानिकाने नुसतं एक बटण फिरवायचं, की उंचीमापक फूट दाखवू लागतो. माझा धाकटा भाऊ एकटाच छोटं मालवाहू विमान घेऊन ये-जा करायचा आणि ते बटण हमखास विसरायचा. मी कंट्रोल टॉवरमधून डाफरायची. "तुला त्या फुटांचं भारी कौतुक, ताई!" म्हणून तो हसायचा.

त्या दुपारी ढग इतके खाली आले होते की काचेतून धावपट्टीही दिसत नव्हती. त्याने सीमा ओलांडली तशी रेडिओवर आवाज आला. "टॉवर, चार हजार फूट."

स्वारी आज न सांगताच सुधारली, म्हणून मला हसू आलं.

तेवढ्यात पुन्हा त्याचाच आवाज. "ताई, बाराशे मीटर. खाली येऊ?"

उंची तीच होती, फक्त माप वेगळं. चेष्टा चाललीय असं समजून मी सांगितलं, "तीन हजार फुटांवर ये आणि तीच उंची राख."

रडारवरचा ठिपका एकच होता. त्याच्या बाजूचा उंचीचा आकडा तीन हजारांवर येऊन थांबला.

"टॉवर, तीन हजार फूट."

"सहाशे मीटर, ताई."

सहाशे मीटर म्हणजे दोन हजार फूट. मी रडारवरचा आकडा पुन्हा पाहिला; तीन हजारच.

"अरे, थट्टा पुरे! बटण फिरव."

"बटणच नाहीये गं इथे. मी शोधतोय कधीचा."

"टॉवर, उतरायची परवानगी द्या," पहिला आवाज म्हणाला.

मी ठिपक्याला परवानगी दिली. दुसरं काय करणार होते? दिसत होता तोच.

विमान अलगद उतरलं. दुसरा आवाज बोलतच होता. दोनशे मीटर. साठ. शून्य.

मी डोळे मिटून घेतले. धडक ऐकू आली नाही.

जिना चढून माझा भाऊ आत आला. तोच चेहरा, तेच नेहमीचं जॅकेट. मला रडूच फुटलं.

रेडिओ खरखरला.

"उणे चाळीस मीटर. फार अंधार आहे, ताई. ऐकतेस ना?"

मी माइक उचलला. त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि जागेवर ठेवला.

"उत्तर देऊ नकोस," तो म्हणाला. "थोड्या वेळाने ते आपोआप गप्प होतात."