आडवी दांडी

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या मेव्हण्याच्या घरी घडली आणि तिचा शेवट मी स्वतः पाहिला. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. जन्मभर शहराची बस चालवली आणि वेळेवर घरी आलो, एवढंच माझं आयुष्य.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. नोव्हेंबरची सुरुवात होती, शनिवार होता. गाव चीकटोवागा, अमेरिकेतल्या बफेलो शहराला लागून. बाहेर पिवळं ऊन पडलं होतं आणि शेजारचा माणूस अंगणातली पानं गोळा करत होता.

मेव्हण्याचं नाव कॅझिमिर दुदेक. सगळे कॅझ म्हणतात. माझ्या बायकोचा, आयरीनचा, थोरला भाऊ. आयरीन आता नाही. त्याची बायको जेनी त्याच वर्षी फेब्रुवारीत गेली. बहुतेक म्हणूनच त्याने हे मला सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही.

घर जुनं. युद्धानंतर त्या भागात एकासारखी एक घरं बांधली गेली, त्यातलंच. तळघरात घर गरम ठेवणारी भट्टी. तिच्यातून पत्र्याच्या नळ्या निघतात, भिंतींच्या आतून वर जातात आणि प्रत्येक खोलीच्या जमिनीत बसवलेल्या लोखंडी जाळीपाशी संपतात. जाळीतून गरम हवा येते.

नुसती हवा नाही. आवाजही येतो.

अशा घरात जो वाढला त्याला हे ठाऊक असतं. आमच्याकडे आया जिना उतरत नाहीत. जाळीशी वाकून हाक मारतात. कॅझची मुलगी पॉला लहानपणी जाळीला कान लावून नाताळच्या भेटवस्तू आधीच ओळखायची.

जेनी आजारी पडली तेव्हा वरच्या मागच्या खोलीत होती. आवाज बसला होता तिचा. पण जाळी होती ना. ती जाळीतून हाक मारायची, आणि कॅझ तळघरात त्याच्या खुर्चीवर असला तरी त्याला ऐकू जायची.

"कॅझ... पाणी."

"कॅझ... उशी जरा."

"कॅझ, वाजले किती?"

हाक मारायचं बळ संपलं तेव्हा ती औषधाच्या चमच्याने जाळीवर वाजवायची.

टिंग. टिंग.

तर, त्या शनिवारी पॉलाने नळ्या साफ करणारा माणूस बोलावला होता. नाताळला सगळे येणार होते. पॉलाच्या नातीला दमा. जुन्या नळ्यांतली धूळ तिला सोसणार नाही, असं पॉलाचं म्हणणं.

कॅझने आधी साफ नकार दिला होता.

"माझी धूळ आहे. असू दे तिथेच."

"तुझी धूळ माझ्या नातीच्या छातीत नको, डॅड," पॉला म्हणाली आणि विषय संपला.

आलेल्या माणसाचं नाव व्हिन्स. मोठा ट्रक, हत्तीच्या सोंडेएवढी जाड नळी आणि तोंडाचा पट्टा सतत चालू.

"बॉस, या नळ्यांत काय काय सापडतं सांगू? एकदा कवळी सापडली. आजी म्हणाली, माझी नाही. आजोबा म्हणाले, माझी नाही. मग घरात तिसरं कोण जेवत होतं?"

पॉला हसली.

कॅझ हसला नाही.

व्हिन्सने घरभरच्या जाळ्या कागद चिकटवून बंद केल्या. तळघरात भट्टीशेजारच्या मोठ्या नळीला भोक पाडलं, त्यात सोंड बसवली आणि ट्रकवरचं यंत्र चालू केलं. यंत्र सगळ्या घराची हवा खाली ओढू लागलं. मग एकेका जाळीचा कागद काढायचा आणि आत वाऱ्याचा फटकारा मारायचा. धूळ सुटून खाली येते आणि सोंडेतून ट्रकमध्ये जाते.

बाकीच्या खोल्या झाल्या. व्हिन्स मागच्या खोलीत गेला.

तिथल्या जाळीवरचा कागद सैल पडला होता. बाकीच्या खोल्यांत तो आत ओढला जाऊन ताणलेला असायचा.

इथे हललाही नाही...

"ही खोली श्वास घेत नाहीये, बॉस," व्हिन्स म्हणाला.

कॅझ दारात उभा होता. "राहू दे ती. कुणी राहत नाही तिथे."

"आईची खोली राहू दे?" पॉला मागून म्हणाली. "नातीला तिथेच तर झोपवायचंय."

व्हिन्सने यंत्र बंद केलं आणि तळघरात जाऊन एकेक नळी हाताने चाचपली. त्याच्यामागे पॉला. पॉलाच्या मागे कॅझ, एकेक पायरी उतरत.

"हे बघा! झडप बंद आहे."

प्रत्येक नळीच्या आत पत्र्याची एक झडप असते. बाहेर तिची छोटी दांडी. दांडी नळीच्या रेषेत असली की हवा वर जाते. आडवी केली की बंद. हवाही बंद, आवाजही बंद.

दांडी आडवी होती.

"आपोआप नाही झालेली," व्हिन्स म्हणाला. "गंज घासला गेलाय. कुणीतरी फिरवलीय."

पॉला त्या दांडीकडे बघत राहिली.

"आई तर फेब्रुवारीत तिथेच होती." ती हळू बोलली. "मला फोनवर म्हणायची, पाय गार पडतात गं. मी लोकरीचे मोजे आणले तिला. डॅड... ही बंद होती तेव्हा?"

कॅझच्या तोंडातून उत्तर निघून गेलं. त्याने विचारही केला नव्हता.

"तिनेच सांगितलं होतं बंद करायला. गरम हवेने घसा सुकायचा तिचा."

खोटं.

मेलेल्या बायकोच्या माथी मारलेलं खोटं. आणि तेही तिच्याच नळीखाली उभं राहून.

खरं काय ते त्याने मला नंतर सांगितलं. माझ्याकडे न बघता.

तो थकला होता. रात्री जागून, दिवसा जिने चढून. एका रविवारी तळघरातल्या टीव्हीवर हॉकीचा सामना लागला होता. वरून हाक. मग पुन्हा हाक. मग चमचा. त्याने हात वर केला आणि खुर्चीवरून जाणाऱ्या तिच्या खोलीच्या नळीची दांडी आडवी केली. थोडाच वेळ, म्हणून.

शांत झालं.

ती शांतता त्याला इतकी गोड लागली की तो रोज दुपारी तेवढ्यापुरती दांडी आडवी करू लागला.

एके दिवशी त्याला खुर्चीतच झोप लागली. जागा झाला तेव्हा बाहेर अंधारत होतं. तो धावत वर गेला.

जेनी पलंगावरून अर्धी खाली लोंबत होती. तोंड जाळीकडे. हात जाळीवर.

त्याने तिला उचलून नीट निजवलं. केस सारखे केले. पांघरूण घातलं. आणि मग पॉलाला फोन केला.

"झोपेतच गेली," म्हणाला.

पॉला म्हणाली होती, "देवाची कृपा."

त्या दिवसानंतर त्याने दांडीला हात लावला नव्हता. सरळ करायलासुद्धा नाही. लाज वाटायची, म्हणाला. कुणी बघत नसलं तरी.

तर, व्हिन्सने दांडी सरळ केली.

किर्र...

आणि नळीच्या आत काहीतरी घसरलं.

टिंग... टिंग... टिंग...

वरून खाली येत येत ते मोठ्या नळीत पडलं. व्हिन्सने सोंड बाजूला करून भोकातून हात घातला.

"कवळी नाही, बॉस," तो हसत म्हणाला. "चमचा."

औषधाचा चमचा. काळा पडलेला, धुळीने माखलेला. जाळीच्या फटीतून निसटून त्या बंद झडपेवर येऊन पडला होता.

पॉलाने तो हातात घेतला. अंगठ्याने पुसला. बापाकडे पाहिलं. काहीतरी विचारणार होती, पण व्हिन्स होता. ती चमचा घेऊन वर निघून गेली. व्हिन्स स्क्रू आणायला ट्रककडे गेला.

कॅझ त्या नळीखाली एकटाच उरला.

डोक्यावर पावलं वाजली. मागच्या खोलीत गेली. थांबली. गुडघे टेकल्याचा, मग जाळीवरचा कागद फाडल्याचा आवाज आला. मग नळीतून, अगदी कानाशी, पॉलाचा आवाज:

"डॅड, ऐकू येतंय ना तुला?"

कॅझने मान वर करून नळीकडे पाहिलं.

"ती हा चमचा वाजवायची. तू बंद केलं होतंस, तर तुला ऐकू कसं जायचं, डॅड?"

कॅझने भट्टीचा आधार घेतला. आता सांगायचं. मुलीने विचारलंय. सांगून टाकायचं आणि काय होईल ते होऊ द्यायचं. तो म्हणाला, त्या क्षणी मी खरंच सांगणार होतो.

त्याने तोंड उघडलं.

आणि तेवढ्यात...

नळीच्या आत कुणीतरी श्वास घेतला.

लांब. घोगरा. दम लागलेल्या माणसासारखा.

त्याने तो श्वास ओळखला. ज्याच्या शेजारी जन्म काढला तो श्वास माणूस ओळखतो.

"मीच सांगितलं होतं गं, पॉली..."

जेनीचा आवाज. त्याच्या डोक्याच्या अगदी जवळ, त्या झडपेपाशी. पण तोंड वरच्या बाजूला. मुलीकडे.

"गरम हवेने घसा सुकायचा माझा."

त्याचेच शब्द. जसेच्या तसे.

मग काही नाही. नळीत जरा वारा फिरला आणि थांबला.

त्याच्याशी ती एक अक्षरही बोलली नाही.

तळघराचं बाहेरचं दार उघडलं. व्हिन्स आत आला, शीळ घालत.

"बॉस, वरच्या दोघींना सांगा, जरा जाळीपासून बाजूला व्हा म्हणावं. धूळ उडेल."

"दोघी?" कॅझने विचारलं.

"खिडकीतून बोलणं ऐकू आलं ना. मुलगी आणि त्या मोठ्या बाई." व्हिन्सने दांडीला स्क्रू लावला आणि घट्ट पिळला. "झालं. आता कुणाचा बापही फिरवू शकणार नाही."



पॉला खाली आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती सरळ येऊन बापाच्या गळ्यात पडली.

"सॉरी, डॅड. माझ्या मनात नको ते आलं होतं."

मग मागे होऊन तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"तू... ऐकलंस काही?"

"नाही," कॅझ म्हणाला.

त्या दिवसातलं हे दुसरं खोटं.

पॉलाने मान हलवली. त्यानंतर हा विषय तिने कधी काढला नाही. पण तो चमचा ती घरी घेऊन गेली.

कॅझने मला हे सांगितलं ते नाताळच्या जरा आधी, त्याच्या स्वयंपाकघरात, दुपारी. मी ऐकून घेतलं. म्हटलं, "पॉलाला सांगून टाक. कधी ना कधी सांगावंच लागेल."

"काय सांगू?" तो म्हणाला. "की तुझी आई मेल्यावर खोटं बोलली? माझ्यासाठी?"

मी खुर्ची जरा पुढे ओढली.

"जिवंतपणीही तेच करायची. मी दारू पिऊन आलो की शेजाऱ्यांना सांगायची, त्याला ताप आहे." तो कपाकडे बघत होता. "चल, तुला दाखवतो."

आम्ही तळघरात गेलो. दांडी नळीच्या रेषेत होती. स्क्रू जागेवर. मी स्वतः ओढून पाहिली. हलली नाही. म्हटलं, ठीक तर आहे की.

"बघशील," तो म्हणाला.

आम्ही वर येऊन पुन्हा बसलो. तळघरात जायचं दार माझ्या समोरच. कॅझ टेबलाच्या पलीकडे, दोन्ही हात कपाभोवती. घरात तिसरं कुणी नव्हतं.

मी काहीतरी बोलत होतो. थंडीबद्दल असावं.

खालून आवाज आला.

किर्र...

कॅझने मान वर केली नाही. "रोज असंच," तो म्हणाला. "मी उघडतो. ती बंद करते."

आम्ही खाली गेलो.

दांडी आडवी होती.

स्क्रू शेजारच्या कपडे धुण्याच्या यंत्रावर ठेवला होता. पडलेला नव्हता. डोक्यावर उभा ठेवलेला होता, हरवू नये म्हणून बाई माणूस ठेवते तसा.

माझे पाय गार पडले.

कॅझने हात वर केला, दांडी सरळ केली आणि नळीला तोंड लावलं. म्हातारा माणूस, चवड्यांवर उभा.

"जेनी, अगं राहू दे. तो टीव्ही मी देऊन टाकला. मला शांतता नको आता. तू हाक मार. पाणी माग. वाजले किती विचार. काहीही विचार."

आम्ही थांबलो.

भट्टी सुरू झाली. गरम हवा सळसळत वर गेली, त्या रिकाम्या खोलीत.

हाक आली नाही.

मी संध्याकाळी घरी आलो. माझं घरही तसंच, त्याच काळातलं. तशाच नळ्या, तशाच दांड्या. कोटही न काढता मी तळघरात गेलो आणि आयरीनच्या खोलीची दांडी शोधली.

सरळ होती. नेहमीच सरळ होती. मला नक्की आठवतंय.

तरी मी हात वर करून ती पुन्हा सरळ केली.

अजूनही रोज करतो.