या खुर्च्या तुमची वाट बघताहेत

ज्यांना पटणार नाही, त्यांनी इथेच थांबावं. हे कुणाकडून ऐकलेलं नाही, माझ्याच बाबतीत घडलंय. डेड्झा गावात, आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, गेल्या जुलैच्या सुट्टीत.

आणि भरदुपारी.

ग्रंथालयाच्या फेसबुक पानासाठी मी चित्रं बनवते. फोटो काढायचा, वर एखादी ओळ टाकायची, कोपऱ्यात बोधचिन्ह.

आमचे ग्रंथपाल म्सिस्का साहेब म्हणाले, "तियामिके, पुस्तकांचे फोटो कुत्रंही बघत नाही. माणसं दाखव."

"सुट्टीत माणसं कुठून आणू, साहेब? भुतं बसवू का?"

"बसव. पण हसरी बसव."

ते जेवायला गेले. मी एकटी उरले. बाहेर चिपेरोनीची, म्हणजे आमच्याकडच्या जुलैतल्या थंडीच्या वाऱ्याची, भुरभुर चाललेली. त्या दिवसांत माझा आवाजसुद्धा मला परका वाटायचा.

खिडकीजवळ दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. त्यांचाच फोटो टाकला. वर लिहिलं, 'या खुर्च्या तुमची वाट बघताहेत.'

एकच कमेंट आली...

'माझी लुसुंगू किती वाळली गं. जेवते का ती?'

मी फोटो मोठा करून पाहिला. दोन्ही खुर्च्या रिकाम्या.

साहेब परतल्यावर त्यांना दाखवलं. त्यांनी कमेंट लिहिणारीचं नाव वाचलं.

"लुसुंगू इथेच शिकायची. घरी जाते म्हणून इथून निघाली, ती सलिमाला, तिच्या गावी, पोचलीच नाही. आई अजून शोधतेय. काढून टाक ते."

"आणि त्यांना काय सांगू? तिथे कुणी नाही म्हणून?"

साहेब आपल्या टेबलाकडे निघून गेले.

मला ते काढून टाकणं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच खुर्च्यांचा नवा फोटो टाकला. मग रोजच. लुसुंगूची आईही रोज लिहायची. 'आज केस विंचरलेत.' 'आज नुसती बाहेर बघतेय. एकटीच असते का गं?'

मला मात्र... फक्त खुर्च्या.

मग आवाज येऊ लागले. पान उलटल्याचा...

खुर्ची सरकल्याचा...

मान वर केली की शांत.

खरं सांगू? भीती वाटायची, पण बरंही वाटायचं. खोलीत कुणीतरी होतं.

सुट्टीच्या शेवटच्या शुक्रवारी आईने लिहिलं...

'आज जीव भांड्यात पडला, पोरी. तिला सोबत मिळाली. तू शेजारी बसून हसतेयस. स्वेटरची बाही जळलीय तुझी, शिवून घे.'

त्याच सकाळी शेगडीवर माझी बाही जळली होती. पण मी तर फोटो काढत होते, खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

आता आई लुसुंगूला शोधत नाही. फक्त आमचा दोघींचा फोटो मागते, आणि मी टाकते.

मला त्यात अजूनही दोन रिकाम्या खुर्च्याच दिसतात. त्यातल्या एकीवर मी आहे म्हणे.