सहावं घर

घरात कुणी नव्हतं, म्हणून त्या रविवारी मी अहवाल लिहायला बसलो. बायको मुलीला घेऊन तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती आणि संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. काम म्हटलं तर दोन तासांचं. आकडे तयार होते. फक्त शहराच्या नकाशाचं एक चित्र जोडायचं राहिलं होतं आणि ते चित्र माझ्या गेममध्ये होतं.

गेम म्हटल्यावर तुम्ही हसाल. बायकोही हसते. पण हा मारामारीचा गेम नाही, शहर उभं करण्याचा आहे. रस्ते आखायचे, पाणी पोचवायचं, दवाखाने बांधायचे, मग माणसं राहायला येतात आणि आपल्या डोक्याला ताप होतो. एक वळण चुकलं की कचऱ्याच्या गाड्या अडकतात, त्यांच्यामागे आगीचे बंब अडकतात, आणि आपण मात्र कुठे चुकलं ते शोधत दोन दिवस डोकं धरून बसतो. मी सहा वर्षं खेळत होतो. हौस म्हणून आमचंच शहर मी त्यात जसंच्या तसं उभं केलं होतं. नदी, नदीवरचा तो एकुलता एक पूल, पलीकडच्या काठावरच्या घरांच्या चार-पाच रांगा, एवढंच काय, माझी गल्ली आणि माझी इमारतसुद्धा.

नोकरीही माझी त्याच जातीची. शहरातल्या रुग्णवाहिका कुठे उभ्या ठेवायच्या, हे ठरवणं माझं काम. चार महिन्यांपूर्वी मी गेममध्ये एक प्रयोग केला. पलीकडच्या काठावर एक गाडी कायम उभी असायची, ती उचलून शहराच्या मध्यभागी आणली. गाडी पोचायला लागणारा सरासरी वेळ अकरा मिनिटांवरून आठवर आला. मी उड्या मारायचा बाकी होतो. दुसऱ्या दिवशी ते आकडे आमच्या मॅडमपुढे ठेवले. गेमचं नाव अर्थातच काढलं नाही. मॅडमनी भर बैठकीत माझं कौतुक केलं आणि तीन महिन्यांच्या चाचणीसाठी खरीखुरी गाडी पलीकडून हलली.

आता जे सांगतो ते मी तोपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. चाचणी सुरू झाली त्याच आठवड्यात मला गेममधली चूक कळली होती. वाट बघता बघता जे मरतात, त्यांना गेम सरासरीत धरतच नाही. ज्यांच्यापर्यंत गाडी पोचली, तेवढीच माणसं मोजली जातात. पलीकडचे लोक मोजणीतून गळत होते, म्हणून माझा आकडा सुधारत होता. आमच्या ऑफिसातही तीच पद्धत. गाडी पोचायच्या आत घरच्यांनी फोन करून ‘आता नको’ म्हटलं, की नोंदीत ‘रद्द’ असं पडतं आणि रद्द झालेला फोन सरासरीत येत नाही. मला हे स्पष्ट दिसलं होतं. पण कौतुक होऊन चारच दिवस झाले होते. मी मूग गिळून गप्प बसलो.

पलीकडच्या काठावर काका राहायचे. माझे सख्खे कुणी नव्हेत, पण मी या कामाला लागलो तेव्हा चार वर्षं त्यांच्या गाडीवर मदतनीस होतो. ते चालवायचे, मी मागे पेशंटजवळ बसायचो. रिकाम्या वेळी मी कागदावर रस्ते काढत बसे, म्हणून ते मला ‘नकाशेवाले’ म्हणत. गाडी हलवल्याचं कळलं तेव्हा निवृत्त झालेला हा माणूस पूल चालत ओलांडून माझ्या टेबलापर्यंत आला. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, “नकाशात तो पूल बोटभर दिसतो रे. पेशंट मागे झोपवून एकदा ओलांडून बघ.”

मी त्यांना चहा पाजला आणि बोळवण केली. तीन आठवड्यांनी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. काकूंनी फोन केला, गाडी निघाली, पुलाच्या तोंडाशी अडकली. सव्विसाव्या मिनिटाला काकूंचा दुसरा फोन आला. आमच्या नोंदीत काका ‘रद्द’ आहेत. अंत्यसंस्काराला मी सगळ्यात मागे उभा राहिलो आणि काकूंची नजर चुकवून निघून आलो. त्यानंतर त्यांच्या घरी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार होतो?

तर सोमवारी तो अहवाल दिला, की पलीकडची गाडी कायमची जाणार होती. चित्र घेण्यासाठी मी गेम उघडला आणि शहर थांबवलं. थांबवण्याचं एक बटण असतं. ते दाबलं की धूर जागच्या जागी राहतो, गाड्या उभ्या राहतात, सगळा आवाज बंद होतो. पण त्या दिवशी एक आवाज बंद झाला नाही. सायरन. अगदी बारीक, पलंगाखाली घड्याळ राहून गेलं असावं तसा.

मी पडदे ओढून घेतले होते. खोलीत पडद्याचाच तेवढा उजेड होता… संगणकाच्या पडद्याचा. मी नदीपलीकडे सरकलो. तिथे सहा घरांवर लाल खूण होती. ती खूण म्हणजे आत आजारी माणूस आहे आणि गाडी आलेली नाही. पहिल्या घरावर टिचकी मारली. अशा वेळी एक चौकट उघडते, त्यात माणसाचं वय आणि काम लिहून येतं.

चौकटीत होतं : निवृत्त चालक. वय ६८. वाट पाहत आहे, २६ मिनिटं.

मी सहा वर्षं तो गेम खेळलो आहे. त्यात ‘निवृत्त चालक’ असं कधीच येत नाही. आणि शहर थांबलेलं असताना मिनिटं पुढे जात नाहीत. मी बघत होतो आणि २६ चे २७ झाले.

घाबरून मी शहर पुन्हा चालू केलं आणि एक गाडी तिकडे पिटाळली. ती पुलाच्या मध्यावर जाऊन थांबली. पुढे काही आडवं नव्हतं. मग पलीकडून एक माणूस चालत येताना दिसला. या गेममधली माणसं नखाएवढी असतात आणि सगळी एकाच चालीनं चालतात. हा सावकाश येत होता. मध्येच कठड्याला हात लावून थांबत होता. दुसरा हात त्यानं छातीशी धरला होता.

मी त्याच्यावरून नजर काढू शकलो नाही. त्यानं पूल ओलांडला. मी आखलेल्या रस्त्यांवरून तो न चुकता वळत गेला. बाजार, शाळा, पाण्याची टाकी. मग तो माझ्या गल्लीत शिरला आणि माझ्या इमारतीच्या फाटकाशी उभा राहिला.

खाली आमच्या फाटकाची कडी वाजली.

खिडकी दोन पावलांवर होती. मी गेलो नाही. जिन्यावर पावलं वाजू लागली. दर चार पायऱ्यांनंतर थांबायची, दम खायची, पुन्हा चढायची. दाराच्या फटीतून वास आला. स्पिरिट आणि डिझेल, दोन्ही मिसळून. त्या वासात मी चार वर्षं बसलो आहे, तो दुसऱ्या कशाचा असणं शक्य नव्हतं. पावलं दारापुढे थांबली. घंटी वाजली नाही.

“नकाशेवाले…”

मी खुर्चीतून उठून दारापाशी गेलो, पण कडीला हात लावण्याची हिंमत झाली नाही.

“किती जण… गेले?”

अहवाल लिहिताना मी पलीकडचे रद्द झालेले फोन मोजलेच होते. मोजून बाजूला ठेवले होते. मी दाराला कपाळ टेकवून म्हणालो, “पाच. काका, तुम्हाला धरून पाच.”

दारापलीकडून नुसता श्वास ऐकू आला, फार लांबून चालून आल्यासारखा.

“सहा,” आवाज म्हणाला.

मग जिना शांत झाला. पावलं उतरल्याचं मी ऐकलं नाही. रडलो मात्र, तिथेच दाराला टेकून, लहान मुलासारखा. काकांनी मला गाडीत बसायला शिकवलं होतं, पेशंटचा हात कसा धरायचा ते शिकवलं होतं, आणि मी त्यांना एका आकड्याबाहेर काढून ठेवलं होतं.

मी लगेच मॅडमना फोन लावला आणि गेमपासून सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, हे सगळं लेखी द्या, तुमचं काय करायचं ते नंतर बघू, गाडी मात्र गुरुवारी परत जाईल, त्याआधी आदेश निघणार नाही. मी पडद्याकडे आलो. पाच घरांवरच्या खुणा विझल्या होत्या. सहाव्या घरावरची तशीच होती. चौकटीत एवढंच : वाट पाहत आहे. मिनिटांची जागा कोरी. मी ते घर नीट लक्षात ठेवलं आणि गेम संगणकावरून कायमचा काढून टाकला.

सोमवारी पूल ओलांडला, चालत. ते घर शेवटच्या रांगेत होतं. बाहेर दोरीवर कपडे वाळत होते. दार एका तरुण बाईनं उघडलं. गरोदर होती, सातवा-आठवा महिना असावा. मी कोण, कुठला, हे सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, “तुम्ही गाड्यांच्या ऑफिसातले ना? काल दुपारी एक आजोबा सांगून गेले, तुम्ही याल म्हणून.”

कसे होते आजोबा, मी विचारलं. म्हाताऱ्या माणसासारखे, असं म्हणाली, दम लागला होता, पाणी दिलं तर प्यायले नाहीत. मग हळूच म्हणाली, “ते म्हणाले, बुधवारी दुपारी गाडी लागेल. पण मला तर अजून दीड महिना आहे… हे मालाच्या ट्रकवर गेलेत, शनिवारी येतील. खरंच लागेल का हो?”

मी तिला धीर दिला. काय बोललो ते आठवत नाही. परत येऊन मॅडमच्या मागे लागलो, बुधवारीच गाडी द्या म्हणून. कारण काय, विचारलं त्यांनी. कारण काय सांगणार? माझं डोकं ठिकाणावर नाही असं वाटून त्यांनी मला रजा घ्यायला सांगितलं.

म्हणून मी ते केलं, जे माझ्या कामात करायचं नसतं. मध्यभागातल्या गाडीच्या चालकाशी माझी जुनी ओळख. त्याला म्हटलं, चाकाचं काम आहे असं कळव आणि तासभर पलीकडे चल. बुधवारी तीन वाजता आम्ही तिच्या दारात उभे होतो. तीन दहाला तिनं आतून हाक मारली. रक्त थांबत नव्हतं. मी मागे बसलो आणि तिचा हात धरला. पुलावर गाड्या तुंबलेल्या होत्या. एवढा लांब पूल मी नकाशात कधी काढला नव्हता. चौदाव्या मिनिटाला आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टर म्हणाल्या, अजून दहा मिनिटं गेली असती तर दोघीही गेल्या असत्या. मुलगी झाली.

दवाखान्यातून मी हवेत तरंगत ऑफिसला आलो. फोन घेणारी बाई माझ्याकडे बघत उठून उभी राहिली. तीन बाराला मध्यभागातून फोन आला होता, ती म्हणाली. म्हाताऱ्या माणसाचा, छातीत दुखतंय म्हणून. तिथली गाडी जागेवर नव्हती, कारण ती मी नेली होती. तिनं लांबची दुसरी धाडली. तीन एकोणीसला त्याच माणसाचा पुन्हा फोन.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“म्हणाला, आता नको. गाडी… तिकडेच राहू दे.”

तिकडे म्हणजे कुठे, आणि गाडी तिकडे गेलीय हे त्याला कसं ठाऊक, असं तिनं मला विचारलं. मी नोंदवही पुढे ओढली. नोंदीत ‘रद्द’ लिहिलेलं होतं. मी ते खोडून ‘सात मिनिटं, पोचलो नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

गाडी गुरुवारी पलीकडे गेली. माझ्यावर चौकशी बसली आहे, ती बसायलाच हवी होती. तो फोन ज्या क्रमांकावरून आला, तो आता लागत नाही. पण पत्त्यात गल्लीचं नाव तेवढं दिलेलं होतं, घराचं नाही, म्हणून मी त्या गल्लीत रोज जातो. घराघरांतून विचारलं. सगळे खुशाल आहेत, फोन कुणी केला नाही. फक्त टोकाच्या घराचं दार अजून उघडलेलं नाही. शेजारी म्हणतात, तिथे कुणी राहत नाही. मी कडी वाजवली की आत कुणीतरी खुर्चीतून उठतं आणि सावकाश दाराकडे चालायला लागतं. चार पावलं, मग थांबणं, मग पुन्हा चार. मी बाहेर उभा राहून ऐकतो. काल तासभर उभा होतो, तरी ते दारापर्यंत पोचलं नाही.