पाणीवाल्यांनी नेलेली शेळी

“गोगो, शेळी पाणीवाल्यांनी नेली!”

न्चामसिलेच्या तोंडून गेलं ते गेलंच. खरं तर आंबे पाडायच्या घाईत कुंपणाचं दार तिनेच उघडं टाकलं होतं. पण राजाच्या मोठ्या सणाला पाणी आणायला निघालेली माणसं वाटेत कुणाच्याही अंगणातलं काहीही उचलतात. त्यांचा तो मानच! त्यांच्यावर कोण रागावणार?

गोगो, म्हणजे तिची आजी, रागावली तर नाहीच, उलट फुलली! आपली शेळी राजाच्या सणाला गेली, हे ती घरोघर सांगत सुटली. पहिल्या घरी तिने सांगितलं, “तिघांनी खांद्यावर घेतली.” पाचव्या घरी ते सात झाले. अकराव्या घरी तर म्हणे शेळीने राजाच्या नावाने गुडघे टेकले!

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ सिसेलो धापा टाकत आला. “अगं, पाणीवाले अजून डोंगरापलीकडेच आहेत! आज दुपारी येणारेत!”

“मग शेळी नेली कुणी?” शेजारची फेत्सिले ओरडली. “चोर! चला, पकडू त्याला!”

“लवकर चला,” सिसेलो म्हणाला. “गावप्रमुखाचे कारभारी, इंदुना, गोगोला विचारायला निघालेत. राजाच्या माणसांचं नाव खोटं घेतलं असेल, तर गोगोला सगळ्या गावापुढे माफी मागावी लागेल.”

न्चामसिले सगळ्यांत पुढे धावली.

खुरांच्या खुणा मक्याच्या शेतातून थेट बाबे शोंग्वेंच्या, म्हणजे शोंग्वेकाकांच्या झोपडीमागे गेल्या होत्या. बाबे दारात बसून आंबील पीत होते.

“बाबे, आमची शेळी पाहिलीत?”

“छे! तुमची शेळी राजाकडे मजेत असेल!”

सिसेलोने डोळा मारला आणि तोंडाशी हात धरून केलं, “बेंऽऽऽ!”

झोपडीतून उत्तर आलं, “बेंऽऽऽ!”

“ती... ती माझी बायको खोकतेय!” बाबे गडबडले.

“मेक शोंग्वे, म्हणजे काकू, तर विहिरीवर आहेत. आत्ताच भेटल्या!” फेत्सिले खिदळली.

“बरं बरं, न्या! माझा सगळा कोबी फस्त केला तिने, म्हणून बांधून ठेवली. संध्याकाळी परत देणार होतो गं! पण तुझी गोगोच सांगत सुटली, राजाने नेली म्हणून. मग मला वाटलं, आता शोधायला कोण येतंय?”

हसायचं सोडून न्चामसिले दोरीकडे बघत राहिली. बाबेंना ही वाट तिनेच तर करून दिली होती.

घरी पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं. इंदुना चटईवर बसले होते. गोगो समोर गुडघ्यांवर, पण मान ताठ.

“नातीने सांगितलं, ते खरं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं,” ती म्हणत होती.

माझ्यासाठी गोगो खोटं बोलतेय! न्चामसिले कुंपणाशीच थांबली. आता गप्प राहिलं तर सुटका. शेळी तर मिळालीच होती.

“नाही पाहिलं तिने!” ती ओरडली. “दार मी उघडं ठेवलं! मीच खोटं बोलले! माफी मी मागते!”

शेळीने तेवढ्यात चटईची कड खायला घेतली.

“शेळी शोधून आणलीत, हुशार आहात,” इंदुना म्हणाले. “पण हे सांगायला जास्त धीर लागतो, पोरी. मागितलीस माफी, मिळाली.” डोंगरावरून गाण्याचा आवाज येऊ लागला, तसे ते हसले. “आता शेळी आत बांधा. नाहीतर खरोखरच नेतील!”

लोक पांगले. सिसेलोने पाठ थोपटली, तरी न्चामसिलेला मान वर करवेना. “गोगो, माझ्यामुळे तू सगळ्यांदेखत...”

गोगोने गुडघे झटकले, डोक्याला फडकं बांधलं.

“रडतेस काय? ऊठ, चल माझ्याबरोबर. अकरा घरी जायचंय. तू एकदाच खोटं बोललीस. माझ्या सगळ्या माफ्या अजून बाकी आहेत!”